तामुआताच्या वाटीतलं मीठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वस्तीचे फादर अमांसियो; नदीचं तोंड ओलांडून माकापाहून खास या कार्यक्रमासाठी आलेले प्रमुख पाहुणे वांदरलान साहेब (का आले, ते पुढे बघू); तालमीचे वस्ताद लिंडोमार; माझ्या टकाक्याच्या गाडीशी उभं राहून खाणारे आणि दरवेळी कोळंबी जरा जास्त घाल म्हणणारे बंधू-भगिनी; आणि मधल्या खुर्चीत नवा सदरा घालून बसलेला सत्कारमूर्ती, माझा नातू एडिनाल्दो, ज्याला सारं बेलें शहर तामुआता म्हणून ओळखतं, तुम्हां सर्वांना या देउझारीना म्हातारीचा नमस्कार.

फादर म्हणाले, "आजी, पाच मिनिटं बोला." फादर, तुमचं प्रवचन पाच मिनिटांत संपल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या हातात कागद आहे, तो तुम्हांला दिसतोय. मला अक्षर येत नाही, हेही तुम्हांला ठाऊक आहे. मग कागद कशाला? तर हातात कागद असला की माणसं गप्प बसून ऐकतात, हे मी इतक्या वर्षांत शिकले. माझ्या नातीने, रोझिलेनेने, माझ्याकडून भाषण सांगून घेतलं, लिहून काढलं, आणि मग त्यातलं जे जे झोंबणारं होतं ते सगळं खोडून टाकलं. उरलेलं इतकं गोड झालं की ते मी घरीच ठेवून आले.

टकाक्याच्या गरम रश्शाचा हंडा मी येताना आणला आहे. रोझिलेने वाट्या वाटते आहे, घ्या सगळ्यांनी. सत्कारमूर्तीच्या पुढची वाटी मी स्वतःच्या हाताने भरली आहे. वाफ येते आहे, अजून त्याने तोंड लावलेलं नाही. असू दे. मी बघते आहे.

या मुलाची कारकीर्द सांगा, असं मला सांगितलं गेलं. कारकीर्द सुरू कशी झाली? खोटं बोलून. चौदा वर्षांचा होता. म्हणाला, "आजी, मी शाळेत कारिंबो नाच शिकतोय." मला केवढा आनंद! चार महिने मी त्याच्यासाठी फुलांचा सदरा शिवत बसले. एक दिवस कान वांग्यासारखा सुजवून आला.

"हे काय रे?"

"जोडीदारणीचं कोपर लागलं."

"एवढी उंच आहे?"

"उंच आहे, आणि जरा रागीट आहे."

ती रागीट जोडीदारीण म्हणजे हे समोर बसलेले वस्ताद लिंडोमार! हसू नका वस्ताद, तो फुलांचा सदरा अजून माझ्या पेटीत आहे, तुम्हांला घालून बघायला हरकत नाही.

त्याआधीचीही एक गोष्ट सांगते, कारण ती आज लागणार आहे. लहानपणी याचा घसा धरला की मी चमचाभर आंदिरोबाचं तेल देत असे. कडूजहर. हा शहाण्यासारखा चमचा तोंडात घ्यायचा, मान हलवायचा, "घेतलं आजी" म्हणायचा, आणि मागच्या दारी जाऊन कोंबड्यांच्या भांड्यात थुंकायचा. घसा बसलेलाच, आणि कोंबड्या मात्र ठणठणीत! तेव्हापासून मी याला "घेतलंस का?" असं विचारत नाही. "आ कर, जीभ वर कर" असं म्हणते.

पहिली लढत मासळी बाजाराच्या बर्फाच्या गोदामात झाली. समोरचा पोरगा याच्या दीडपट. हा तीनदा पडला, तीनदा उठला, आणि चौथ्यांदा समोरचाच दमून बसला. तेव्हा वस्तादांनी नाव ठेवलं, तामुआता. म्हणाले, "डबकं आटलं की बाकीचे मासे मरतात, हा अंगावर चिलखत घेऊन चिखलातून चालत पुढच्या डबक्यात जातो." नाव छान आहे. पण वस्ताद, मी ते मासे पन्नास वर्षं शिजवते आहे. तो चालतो खरा, पण वाटेत माणसं टोपली घेऊन उभी असतात, हे तुम्ही पोराला सांगितलं नाहीत.

पुढचं तुम्ही जाणता. पाच वर्षं साओ पाउलोत राहिला, तिथल्या थंडीत खोकला. एकोणीस लढती जिंकला, आठ हरला. मी एकही बघितली नाही. शेजारी टीव्ही लागला की मी कोळंबी निवडायला मागे जायची. पण मानाउसची, विजेत्याला मिळणाऱ्या त्या मोठ्या पट्ट्याची लढत, ती मी बघितली. खोटं कशाला बोलू? याने समोरच्याला खाली पाडलं, छातीवर बसला, मूठ उचलली. पंच लांब होता. खालचा माणूस शुद्धीवर नव्हता, हे याला सगळ्यांच्या आधी कळलं. याने मूठ हवेत तशीच ठेवली आणि पंचाकडे बघितलं. मारलं नाही. सगळे ओरडत होते आणि मी टीव्हीसमोर रडत होते. मला वाटलं, पोराला थांबायचं कळतं.

दुसऱ्याच्या बाबतीत कळतं.

कारण स्वतःच्या बाबतीत हा तिसरा निरोप समारंभ आहे, मंडळी. आठवतंय ना? पहिला जबडा मोडला तेव्हा. याच सभागृहात, निळ्या मलईचा केक. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून केक आम्ही खाल्ला आणि याने नळीने रस प्यायला. आठ महिन्यांत परत त्या लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात! दुसरा निरोप खांदा निखळला तेव्हा. त्या वेळी तर याने आपल्या देवीच्या मिरवणुकीत अनवाणी पालखीचा दोर ओढून शपथ घेतली होती. देवी मोठ्या मनाची, तिने काही म्हटलं नाही. मी म्हटलं, पण माझं ऐकतो कोण?

दर ऑक्टोबरला मिरवणुकीत मी याचा एकेक नवसाचा मेणाचा अवयव डोक्यावर घेऊन चालते. एका वर्षी जबडा, एका वर्षी खांदा. गेल्या वर्षी डोळा घ्यायला गेले, तर मेणवाला म्हणतो, "आजी, दरवर्षी सुटे भाग कशाला नेता? एकदाच अख्खा माणूस घेऊन जा."

हसा, हसा. मीही हसले. मग घरी येऊन तो डोळा बराच वेळ हातात धरून बसले.

डाव्या डोळ्यातला पडदा फाटला होता. डॉक्टरांनी शिवला. बाहेर येऊन मला म्हणाले, "आजी, आता एकही ठोसा चालणार नाही. पुन्हा फाटला तर माझ्या हातात काही नाही." मला डॉक्टरकी कळत नाही, पण शिवण कळते. तेच कापड त्याच जागी दुसऱ्यांदा उसवलं की टाका धरत नाही. आजसुद्धा हा कॉफी ओततो ती कपाच्या बाजूला. दाराची डावी चौकट याच्या खांद्याने गुळगुळीत झाली आहे. डोळा शिवल्यानंतर याने हातमोजे पिंजऱ्याच्या मधोमध काढून ठेवले. या लोकांत तशी रीत आहे. मोजे खाली ठेवले की संपलं, परत उचलायचे नाहीत. सगळे उभे राहिले, टाळ्या वाजल्या, वस्ताद रडले.

आणि चार दिवसांनी ते मोजे माझ्या दोरीवर वाळत होते!

"हे इथे कसे रे?"

"झाडणाऱ्याने आठवण म्हणून परत आणून दिले, आजी."

"मग भिंतीवर टांग. धुतलेस कशाला?"

"वास येत होता."

वास मलाही येत होता, नाल्दो. वेगळा.

बरं, मोजे सोडा. म्हातारीला संशयाची खोड आहे, असं रोझिलेने म्हणते. पण गेल्या सोमवारी हा गाडीवर आला, मी नेहमीसारखी वाटी भरली, तर म्हणतो, "आजी, आज ती खारी कोळंबी नको."

"पोट बिघडलं?"

"नाही गं. मीठ जरा कमी करतोय. वय झालं."

"चौतिसाव्या वर्षी वय झालं? मग मी काय, चौकातला पुतळा?"

मंगळवारी मंजोक्याच्या कंदाचं पीठ नको. बुधवारी मासा अळणी. गुरुवारी अंघोळीला पाणी इतकं कडकडीत की त्यात कोंबडी सोलावी. मंडळी, तुम्ही याला पिंजऱ्यात बघितलं, पण स्वयंपाकघरात याला मी बघितलं आहे. वीस वर्षं. लढतीआधी दहा-बारा दिवस हा मीठ सोडतो, अंगातलं पाणी उतरवायला. वजनाच्या काट्यावर उभं राहायचं असतं ना! लढणं सोडलेला माणूस मीठ कशाला सोडेल? सांगा ना, वस्ताद. आता छताकडे काय बघता? छत काही बोलणार नाही.

आता हा कागद.

वांदरलान साहेब, तुम्ही मघापासून या कागदाकडे बघताय, आणि तुमच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालंय. बरोबर ओळखलंत. हे भाषण नाही. हा काल याच्या पिशवीत सापडला. सापडला म्हणजे मी शोधला. मला अक्षर येत नाही, पण चित्र ओळखते. वर कोपऱ्यात मोजे घातलेली सुसर आहे. तीच सुसर आत्ता वांदरलान साहेबांच्या सदऱ्यावर खिशापाशी बसली आहे. आणि आकडे मला येतात, गाडीवर उभी राहते मी. इथे सहासष्ट लिहिलंय. सहासष्ट किलो! आणि इथे अठ्ठावीस. येत्या शनिवारी अठ्ठावीस तारीख आहे. माकापाची बोट गुरुवारी सुटते. तिथे लढती भरवणाऱ्या या साहेबांच्या एका पहिलवानाचा हात मोडला, हे मासळी बाजारात सगळ्यांना माहीत आहे. सहासष्ट किलोंची जागा रिकामी झाली. आणि इथले डॉक्टर जे लिहून देणार नाहीत, ते तिथे कोणी विचारणार नाही.

फादर, तुम्हांला वाचता येतं. सगळ्यात खाली, सहीच्या वर काय लिहिलंय? मोठ्याने वाचा. माईक घ्या.

ऐकलंत? पुन्हा वाचा, मागच्यांना ऐकू गेलं नाही.

"मी शरीराने धडधाकट असून माझे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत, असे मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतो."

नाल्दो, मान वर कर. मी तुला लाजवायला उभी नाही. तुझी एक मूठ हवेत थांबलेली मी बघितली आहे, म्हणून उभी आहे. घरी बोलले असते तर तू "हो आजी" म्हणाला असतास आणि कोंबड्यांच्या भांड्यात थुंकला असतास. इथे कोंबड्या नाहीत. इथे सगळी वस्ती आहे.

फादर, आता त्याखाली, सहीच्या जागी काय आहे ते सांगा. डाग? डाग नव्हे, फादर. नीट बघा. जांभळ्या रंगात रेषा दिसतात की नाही? तो माझा अंगठा आहे. शाई नव्हती घरात, आसाईच्या फळांच्या रसात बुडवला. नाल्दोने अजून सही केली नव्हती, जागा मोकळी होती, म्हटलं घरचंच कोणीतरी करून टाकावी. ओळखपत्रावर माझा हाच अंगठा आहे. आणि वर जे लिहिलंय तेही माझ्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

तेव्हा वांदरलान साहेब, करार झाला. शनिवारी मी येते. माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे, तेवढं जुळवून घ्या, आणि समोर माझ्या वयाची कोणी बघून ठेवा. दात असलेली चालेल.

काय म्हणालात? दुसरा कागद छापून आणाल? छापा की. मला दहा बोटं आहेत.

वस्ताद, तुम्ही उठून का उभे राहिलात? मला थांबवायला? नाही? बरं. वस्ताद म्हणताहेत, त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला ते अर्धं पटतंय. उरलेलं अर्धं, वस्ताद, ते दोरीवर वाळलेले मोजे तुम्ही आज घेऊन गेलात आणि तालमीच्या भिंतीवर खिळ्याने ठोकलेत की पटेल. उद्या सकाळी येऊन बघेन.

नाल्दो, टकाका निवत चाललाय. बाळा, तू एकोणीस माणसं पाडलीस. मला त्यांतलं एकही नाव आठवत नाही. तू पाच वर्षांचा असताना माझ्या गाडीखाली बसून बाजारात येणाऱ्या बोटींचे रंग मला ओरडून सांगायचास, तेवढं आठवतं. तांबडी आली, निळी आली. मला अजून ते ऐकायचं आहे. दोन्ही डोळ्यांनी बघून सांग. शपथ घेऊ नकोस, शपथा फार झाल्या. देवीचे कान किटले असतील. फक्त ती वाटी उचल.

तर मंडळी, तो विचार करतो आहे तोवर मी आभार मानून घेते. सभागृह दिल्याबद्दल फादरांचे आभार, आणि वाचून दाखवल्याबद्दल वेगळे आभार. वस्तादांनी माझ्या पोराला पडल्यावर उठायला शिकवलं, त्यांचे आभार मनापासून. बसायला मी शिकवते आहे. वांदरलान साहेब एवढ्या लांबून आले, वाटी रिकामी केल्याशिवाय जाऊ नका. टकाक्यातल्या पानाने जीभ बधीर होते, त्यामुळे बोलायला थोडा त्रास होईल, ते बरंच आहे. माझ्या बोलण्यात मीठ कमी-जास्त झालं असेल तर म्हातारी म्हणून पोटात घाला. एका वाटीत मात्र मी ते मुद्दाम जास्त घातलं आहे, त्याची माफी मागत नाही.

उचलली. बघा, उचलली. कोळंबी तोंडात गेली. एक. दोन. टाळ्या नकोत, थांबा सगळे. चावतोय. डोळ्यांत पाणी आलंय, ते मिठाचं म्हणा हवं तर. मान हलवतोय. "घेतलं आजी," म्हणतोय.

नाल्दो, इकडे ये. माईकजवळ ये, उजेडात.

आ कर.

जीभ वर कर.