उठले होते, गेले नव्हते

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, तुम्ही आमच्या खोलीत कशा?" तुमच्या खोलीत? तुम्हाला सांगते, दुपारची जरा पाठ टेकली होती, चष्मा उशाशी, तेवढ्यात किल्ली फिरली आणि एक जोडपं बॅगेसकट आत. म्हटलं, "बाळा, तुझे बाबा रांगत होते तेव्हापासून मी या पलंगावर झोपते." तर पठ्ठ्यानं फोनच नाकासमोर धरला. 'घाई करा, शेवटची एकच खोली उरली.' म्हणजे उरलेली ती मीच की.

आमचं हे छोटंसं लॉज, नवऱ्यामागे मी चालवलेलं. ही कंपनी आली तेव्हा एक टायवाला आणि त्याचा फोन, एवढाच पसारा. संध्याकाळी उरलेली भाजी मिळेल त्या भावाला काढतात ना, तशा हा ऐनवेळी उरलेल्या खोल्या विकायचा. आधी आमच्या दोन घेतल्या, मग समोरचं हॉटेल, मग अख्खी गल्ली, आता कोपऱ्यावरची त्यांची पाटी आमच्या इमारतीपेक्षा उंच. वाढा बाबांनो, माझं काय जातंय... पण माझा पलंग?

सून म्हणते, "अहो आई, करार करताना मी त्या कंपनीवाल्यांना खोल्या दाखवत होते. तुमचं दार उघडं, चादर ताणलेली. त्यांनी विचारलं, ही रिकामी? मी म्हटलं, दिवसभर तशी रिकामीच असते." बघा. पसारा करून लोळत पडले असते तर वाचले असते, नीटनेटकेपणा नडला. अगं बये, मी उठले होते, गेले नव्हते. त्या जोडप्याला मग मी सुनेचीच खोली उघडून दिली. तीही दिवसभर रिकामीच असते.

टायवाल्याला बोलावलं. तो आपला साखर पेरत, "आजी, वर्षाचा करार आहे, सूनबाईंची सही आहे. पाहुणा नसला की सिस्टिम खोली विकते."

"आणि मी दिसत नाही तुझ्या सिस्टिमला?"

"तुम्ही पाहुण्या नाही ना."

ऐकलंत? शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, पण रिकामं कशाला म्हणतात ते मला कळतं. मी उठले होते, गेले नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, वर्षभर हॉलमध्ये झोप ना." म्हटलं, तुझा बाप घोरायचा तेव्हा हॉलमध्ये तो गेला, मी नाही.

सुनेला समोर बसवून फोन शिकले. आता रोज 'एकच उरली' दिसलं रे दिसलं की बोट ठेवते, माझी खोली मीच घेते. पैसे फिरून माझ्याच गल्ल्यात, मधला घास तेवढा कंपनीचा. खाऊ दे मेल्यांना, पलंग माझा.

तर परवा टायवाला गुच्छ घेऊन हजर. "आजी, सगळ्यात जास्त मुक्काम करणाऱ्या पाहुण्या तुम्ही. कंपनी वाढली ती तुमच्यासारख्यांमुळे. मुक्काम कसा वाटला, चार शब्द लिहा ना."

काय करता... लिहिलं. खोली स्वच्छ, पलंग उत्तम. फक्त मालकीण फार बोलते.