बारावं रीळ

(गोंदियातल्या एका टॉकीजची तिकिटाची खोली. १९४१ सालचा चैत्र, दुपार. भैय्यालाल इथं तिकिटं विकतो, उदाराम मशीन चालवतो, कुंदाबाई बायकांच्या दारावर बसते.)

भैय्यालाल : नाही हो उदाराम, पाचव्या नंबरावर तो आंधळा वैद्य झालेला नट चालायचा नाही. त्याचा फोटो मासिकात दोनदा येऊन गेलाय. स्पर्धेच्या नियमात यांनी स्वच्छ छापलंय, "गतवर्षी प्रमुख भूमिकेत उत्तम काम करूनही ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही असे पाच नट-नटी."

उदाराम : मंग टाका ना सगळ्यांचेच नाव. आपल्या गोंदियात कोणाकडं लक्ष जाते? पब्लिक पडद्याकडं कमी, मुंगफल्लीकडं ज्यादा देखते.

भैय्यालाल : थट्टा पुरे. साडेतीनला टपाल बंद होतं. पाच नावं क्रमानं लिहायची, आणि खाली भाकीत करायचं की परीक्षक कोणाला पहिलं ठरवतील. ज्याचं जुळेल त्याचं पत्र छापणार. तीन वर्षं पाठवतोय मी.

उदाराम : छापलं का एकदा तरी?

भैय्यालाल : मागच्या साली छापलं होतं. "गोंदियाच्या एका वाचकाचेही पत्र मिळाले."

उदाराम : बस, झालं तं. नाव नाही, गाव तं आलं.

कुंदाबाई : वैद्याले राहू द्या बाबू. तो पडद्यावर आला का माह्या बाजूनं लेकरं रडाचे थांबत.

भैय्यालाल : कुंदाबाई, "लेकरं रडायची थांबली" हे कारण मी संपादकांना लिहू?

कुंदाबाई : काऊन नाही लिहाचं? भाषण देऊन कोणी लेकरू थांबवून दाखवावं बरं.

भैय्यालाल : बरं, पाचवा वैद्य. लिहिलं. चौथा?

उदाराम : तो घोडेवाला. पुलावरून कुदते तो.

भैय्यालाल : त्यात अभिनय कुठाय?

उदाराम : बाबू, तुमी मासिक वाचता, मी फिल्मची पट्टी वाचतो. पिक्चर आपल्याकडं येते रायपूर, बिलासपूर, राजनांदगाव फिरून. जिथं पट्टी घासली, काठाची भोकं फाटली, तिथं समजाचं का तिकडच्या मशीनवाल्यांनी तो तुकडा दोन-दोन बार चालवला. घोडेवाल्याचं आठवं रीळ पूरं चाळणी होऊन आलं होतं. डोळे गेले माहे जोडता जोडता.

भैय्यालाल : चौथा घोडेवाला. तिसरा आणि दुसरा मी आधीच लिहून ठेवलेत, त्यावर वाद नको. आता पहिला.

कुंदाबाई : पहिला नंबर जातेवालीचा. त्याच्यात इचाराचं काय आहे?

भैय्यालाल : कार्तिकात लागला होता तो ना? सासुरवासाचा? आठवडाभर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

कुंदाबाई : खुर्च्या खाली होत्या. बायका जमिनीवर बसतात, ते जागा भरून होती. अन् पोस्टरवर तिचं नाव पायलं तुमी? नवऱ्याच्या नावाखाली, बारीक. जसं दळण तिनं नाही, त्यानंच दळलं.

भैय्यालाल : म्हणजे दुर्लक्षित खरीच. कारण सांगा.

कुंदाबाई : ते बाई बोलत नाही.

भैय्यालाल : म्हणजे?

कुंदाबाई : सासू इतकं बोलते, नवरा इतकं मारते, पण ते पूऱ्या शिनेमात एक शब्द उलटून बोलत नाही. दळून राहिली, दळून राहिली. अन् शेवटी नवरा येऊन पाय धरते. वेगळं बिऱ्हाड करून देते तिले, अंगणात तुळस, सगळं. चौदा खेळ पायले मी. दर खेळाले बायका डोळे पुसत.

भैय्यालाल : छान. थांबा, लिहितो. "संपूर्ण चित्रपटात ही नटी सासूस एका शब्दानेही प्रत्युत्तर देत नाही. तिचे मौन हाच तिचा अभिनय, आणि त्या मौनाचाच अखेरीस विजय होतो." कसं वाटतं?

उदाराम : ते काटून टाका.

भैय्यालाल : काय?

उदाराम : ते वाक्य. अन् तिले पहिला नंबर देऊ नका. तिसरा द्या.

कुंदाबाई : काऊन भाऊ? तुमीच तं म्हणत होते का असं काम जन्मात देखलं नाही.

उदाराम : म्हणलं असन. आता थकलो मी, बाई. लिहा काय लिहाचं ते, पण ते मौन-बिन नका लिहू.

कुंदाबाई : तिनंच तं माह्या पोरीचा संसार सावरला.

भैय्यालाल : कोणाचा? शामकलाचा?

कुंदाबाई : हो. आमगावले देली ना तिले. सासू भलती खटनट. कार्तिकात पोरगी गाठोडं घेऊनच आली होती. म्हणे, माय, मले आता इथंच राहू दे. हातावर डाग होते, उलथन्याचे. संध्याकाळच्या खेळाले माह्या बाजूनं बसवलं तिले. शिनेमा सुटल्यावर म्हणलं, पायलं का? असं राहाचं. तोंड उघडू नको, आपोआप होते सगळं. अन् रातच्या साडेनऊच्या पाशिंजरनं वापस पाठवली.

उदाराम : त्याच गाडीनं?

कुंदाबाई : त्याच. परवा त्यायच्या शेजारचा बकाराम आला होता आमगावहून. म्हणे, तुमच्या शामकलासारखी सून पंचक्रोशीत नाही, हूं का चूं करत नाही. सासू सांगते गावभर.

भैय्यालाल : चांगलं झालं की मग.

कुंदाबाई : हो. चांगलंच झालं. फक्त बकाराम म्हणत होता, नदीवर बायकांसंगंही बोलत नाही आता. पाणी पाहिजे तरी मागत नाही. होळीले मी गेली तं मले पायलं अन् पदर सावरून आत चालली गेली. मले वाटलं लाजली असन. पाच महिने झाले, आवाज नाही आयकला तिचा.

उदाराम : बाई, थोडं बसा.

कुंदाबाई : बसलीच आहो मी. काय झालं?

उदाराम : त्या पिक्चरचे चौदा रीळ होते. आपल्याकडं तेराच चालले.

भैय्यालाल : म्हणजे एक आलंच नाही?

उदाराम : आलं होतं. मी नाही चालवलं. बारावं.

भैय्यालाल : का?

उदाराम : बाबू, तिकिटं तुमीच विकता. आधं पब्लिक आमगाव-साल्हेकसाकडचं. साडेनऊची पाशिंजर चुकली तं लेकराबाळायनं रात प्लॅटफार्मवर. दोन साल पहिले चुकली होती, तवा खुर्च्या तोडल्या, माहीत आहे ना? तवापासून शेटचा हुकूम आहे, पिक्चर लांब असला का एक रीळ डब्यात. अन् एकदा डब्यात गेलं का हप्ताभर डब्यातच, पहिला खेळ असो का दुसरा.

भैय्यालाल : आणि कुठलं रीळ वगळायचं ते कोण ठरवतं?

उदाराम : मी. ज्याच्यात गाणं नाही, मारामारी नाही, नाच नाही, ते. पब्लिक हल्लागुल्ला करत नाही मंग.

भैय्यालाल : म्हणजे ज्या रिळात नुसतं बोलणं असतं... उदाराम, अहो, नट काम करतो ते त्याच रिळात! तीन वर्षं मी याद्या पाठवतोय. नंबर लावतोय, भाकितं करतोय!

उदाराम : जेवढं उरलं तेवढ्यावर लावले नंबर. अन् अपुन एकटेच नाही. ते बारावं रीळ आलं तवा कोरं करकरीत होतं. एक ओरखडा नाही. रायपूरपासून इथपर्यंत कोणीच नव्हतं चालवलं. सगळ्यांच्याच गावाले गाड्या आहेत, बाबू.

कुंदाबाई : काय होतं त्याच्यात?

उदाराम : राहू द्या बाई.

कुंदाबाई : काय होतं त्या रिळात, भाऊ?

उदाराम : पिक्चर आला का मी एक बार सकाळी एकटाच चालवून देखतो, पट्टी तपासाले. तवाच देखलं. सासू येते अन् दळलेलं पीठ लाथेनं उडवते. नवरा उभाच राहते. मंग ते बाई जातं थांबवते.

कुंदाबाई : थांबवते?

उदाराम : थांबवते. हात पुसते पदराले. चिल्लावत नाही, काही नाही. म्हणते, इतके दिवस मी गप्प राहिली, मले वाटलं गप्प राहिलं का माणूस कधी तरी स्वतः होऊन इचारते, तुले काय झालं. तुमी नाही इचारलं. आता मी चालली.

कुंदाबाई : बोलली ते?

उदाराम : बोलली. अन् निघून गेली घरातून. मंग रस्त्यानं चालून राहिली, चालून राहिली. बाजा नाही, गाणं नाही, नुसतं तिचं तोंड. मी मशीनवर हात ठेवून उभा होतो, दिव्याचा कार्बन सरला तरी समजलं नाही मले. बाई, बारा साल झाले मशीनवर, तसं काम कोणी केलं नाही.

कुंदाबाई : मंग ते घर? तुळशीवालं? नवऱ्यानं बिऱ्हाड केलं ते?

उदाराम : ते तिच्या भावाचं घर. माहेर. नवरा तिथं येऊन पाय धरते.

कुंदाबाई : मी बायकाले सांगत होती, पाहा, नवरा कसा सुधारला. दर खेळाले सांगत होती.

भैय्यालाल : तुम्हाला कसं कळणार होतं, कुंदाबाई? मलाही नाही कळलं, आणि मी तर तिकिटाबरोबर रोज सिनेमाची गोष्ट छापलेला कागद विकतो, शेवट त्यात नसतोच.

कुंदाबाई : भावानं घेतलं तिले घरात? लगेच?

उदाराम : नाही. तो म्हणते, वापस जा. लोकं काय म्हणतीन.

कुंदाबाई : मंग?

उदाराम : ते उंबऱ्यावरच बसते. म्हणते, नाही जात. बसूनच राहते. मंग भाऊ सरकते बाजूले. तिथं रीळ सरते.

कुंदाबाई : माही पोरगी नाही बसली. मी उठ म्हणलं अन् ते उठली. गाठोडंही मीच डब्यात चढवून देलं.

उदाराम : गलती माही आहे, बाई.

कुंदाबाई : सांगतलं काऊन नाही मले?

उदाराम : कोणाकोणाले सांगू? पाटी लावू भाईर, का आज एक रीळ कमी? मले काय माहीत तुमी पोरीले काय सांगसान! शिनेमा पाहून कोणी लेकीले...

कुंदाबाई : दुसरं कोण होतं मले सांगणारं? नवरा गेला तवापासून या दारावर बसली. तिच्या सासरी जाऊन बोलाले बाप नाही, भाऊ नाही. मले भेव वाटत होता, पोरगी घरी बसली तं काय करू, कोणाच्या दारी उभी राहू. अन् पडद्यावरची बाई म्हणून राहिली का चूप राहिलं तं सगळं बरोबर होते. मले ते पटलं. पटलं म्हणजे सोपं होतं, म्हणून पटलं. तुमी रीळ डब्यात ठेवलं, भाऊ, पण मलेही तेच पाहिजे होतं.

उदाराम : असं नका बोलू.

कुंदाबाई : बोलू द्या. खूप झालं चूप राहून. बाबू, आमगावकडची दुपारची गाडी कितीले आहे?

भैय्यालाल : चारला. पण संध्याकाळच्या खेळाला बायकांच्या दारावर...

कुंदाबाई : कोणाले तरी बसवा. नाही तं बंद ठेवा दार.

भैय्यालाल : शेटजी ठेवायचे नाहीत तुम्हाला कामावर. आधी विचारून घ्या त्यांना.

कुंदाबाई : न ठेवोत. दुसरं पाहीन. आमगावले गेली म्हणून सांगजा, इचाराले थांबली तं गाडी जाईन.

उदाराम : सांगतो मी शेटले. मशीनवाला दुसरा भेटत नाही लढाईच्या टैमाले, मले काही म्हणणार नाही तो. पण बाई, सासरचे सोडतीन तिले?

कुंदाबाई : नाही सोडलं तं त्यांच्या उंबऱ्यावर बसीन.

भैय्यालाल : थांबा, मी येतो स्टेशनपर्यंत. टपालही तिकडंच आहे. पण आता या यादीचं काय करू? पाठवू की फाडू?

उदाराम : पाठवा. पहिला नंबर तिचाच राहू द्या, ते मौनाचं कारण तेवढं काटून टाका. खाली लिहा, हे काम गोंदियात कोणी देखलं नाही.

भैय्यालाल : आणि भाकीत? परीक्षक कोणाला देतील पहिला?

उदाराम : घोडेवाल्याले. त्यांच्याही गावाले गाडी असनच.

भैय्यालाल : चला कुंदाबाई. छत्री घेतो, ऊन फार आहे. पण मला सांगा, पाच महिने न बोललेली मुलगी. एकदम समोर जाऊन तिला म्हणणार काय तुम्ही?

कुंदाबाई : म्हणीन, बाई, तुह्या मायनं तो शिनेमा पुरा पायलाच नव्हता.