सात नंबरचा केसपेपर

छे छे, मला नका दाखवू तो कागद — चष्मा नाहीये माझ्याजवळ, आणि असता तरी नसता लावला. ठेवा खिशात. बसा, ते स्टूल ओढा — भिंतीला टेकवून बसा हं, एक पाय आखूड आहे त्याचा. मोठ्या सरांनी पाठवलं ना? स्वतः नाही आले! दोन जिने उतरायला कमीपणा वाटला, असिस्टंट डॉक्टरला पिटाळलं — जा, सिस्टरकडून वाचून आण. काय वाचून आण? तर स्वतःच लिहिलेलं! अहो, हसा की, तोंड काय लपवताय, मीसुद्धा आठ दिवसांत आज पहिल्यांदा हसतेय. उद्या अकराला चौकशी, तीन माणसं समोर बसणार, त्यातलं कुणीतरी म्हणणार, डॉक्टर, सात नंबरच्या पेशंटला इन्सुलिन किती लिहिलं होतं तुम्ही, जरा वाचून दाखवा — आणि आमचे मोठे सर कागद डोळ्यांजवळ नेणार, लांब धरणार, खिडकीकडे फिरवणार... मला आत घेणार नाहीत, नाहीतर पहिल्या रांगेत बसले असते बघा.

मला येतं का वाचता? येतं तर. मलाच येतं. बावीस वर्षं वाचतेय. कोंबडा म्हणतो आम्ही त्यांना पाठीमागे — कोंबडीचे पाय उमटवत जातात ना कागदावर, म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं? आता माहीत झालं, सांगा जाऊन, मी काय घाबरते? नुसती आडवी रेघ नि खाली दोन टिंबं म्हणजे सलाईन तेच चालू ठेवा. गोल काढून त्यात फुली म्हणजे तोंडाने काही देऊ नका. आणि शेपूट काढलेला एक वळसा असतो, त्याचा अर्थ ‘नातेवाइकांना मी भेटलो नाही, तुम्हीच काय ते सांगा’. कुठल्या पुस्तकात नाही हे. नवी नर्स आली की मी तिला खुर्चीत बसवून शिकवते, रक्तदाब घ्यायच्या आधी कोंबडा वाचायला शिक. औषधाच्या दुकानातला माणूस फोन करतो तो मला, लॅबवाला करतो तो मला. आणि चुकीचं लिहिलेलं असलं तर? तर काय, गपचूप नीट करायचं. एकच गोळी दोनदा लिहायचे, एक मी खोडायची. ज्या बाईला त्या औषधाने अंगभर पुरळ उठतं तिलाच तेच लिहायचे, मी दुसरं द्यायची आणि संध्याकाळच्या राउंडला त्यांच्याच हातून सही घ्यायची. बघतसुद्धा नाहीत कशावर सही करतायत. हे... हे आपल्या दोघांत राहू द्या हं.

विचारायचं ना मग, म्हणता? फोन करून? अहो, तुम्ही आलात कधी — सहा महिने? म्हणून असं बोलताय. त्यांना फोन करायची सोय आहे का? दोन महिन्यांपूर्वी बारकीने केला होता. बारकी म्हणजे आमची सगळ्यांत नवी नर्स, जिच्या डोक्यावर हे सगळं खापर फोडलंय तुमच्या सरांनी. तिने एवढंच विचारलं, सर, इथे एकदा लिहिलंय की दोनदा? तर खाली आले, ऐन भेटीच्या वेळेत, वॉर्ड माणसांनी भरलेला, आणि फाइल तिच्या पायाशी टाकली — टाकली म्हणजे फेकलीच — आणि म्हणाले, वाचता येत नसेल तर फरशी पुसायला लाग. पोरगी खाली बसून एकेक कागद गोळा करत होती. एका पेशंटची म्हातारी आई पलंगावरून उतरून तिच्या मदतीला आली. आणि मी? मी कापसाचे बोळे वळत उभी. त्या दिवशीच ठरवलं होतं मी, याची कधीतरी जिरवायची. सगळ्या जगासमोर जिरवायची.

आणि आयती संधी चालून आलीय ना! स्वतःच्या जबाबात लिहून बसलेत — ‘माझी ऑर्डर स्पष्ट होती, नर्सचा हलगर्जीपणा.’ स्पष्ट! मग वाचा की! उद्या वाचताच आलं नाही, तर ते तिघं काय म्हणतील? म्हणतील, जे लिहिणाऱ्याला वाचता येत नाही ते त्या पोरीला काय येणार. बारकी सुटली. तिची नोंदणी रद्द करायची भाषा चाललीय, ती बंद. आई आजारी आहे तिची, पाठचा भाऊ शिकतोय, ती एकटी कमावती. म्हणून मी नाही वाचणार. पाया पडायला आले तरी नाही. त्यांना घाम फुटलेला बघायचाय मला, जीभ टाळ्याला चिकटलेली बघायचीय. आणि राग कशाचा येतो सांगू? त्या दिवशी एकदाच, बावीस वर्षांत एकदाच, त्यांनी डोकं ठिकाणावर ठेवून लिहिलं होतं. सात नंबरचे आजोबा दोन दिवस धड जेवत नव्हते, ते बघून नेहमीचे दहा युनिट न लिहिता चार लिहिले, अगदी बरोबर —

काय झालं? असे काय बघताय?

हो. चार आहेत. चष्मा माझ्याजवळच आहे, खोटं बोलले.

आठ दिवसांपूर्वीच बघितला मी तो कागद. म्हणजे नंतर बघितला. आधी बघायला हवा होता ना — तिथेच तर... बारकी आली होती माझ्याकडे. फोन करायची हिंमत उरली नव्हती तिची, म्हणून कागद घेऊन माझ्याकडे आली — ताई, सात नंबरचे किती युनिट आहेत हो? दुपारच्या जेवणाची गाडी आलेली, दोन नव्या ॲडमिशन दारात, मी कागदाकडे मान वळवली आणि म्हणाले, दहा. मोठ्या सरांचे जेवणाआधीचे दहाच असतात गं, दे. अहो, मी वाचलंच नाही. सर्वांना वाचायला शिकवणारी मी, मी माणूस वाचला, कागद नाही वाचला. पाठ झाला होता ना तो माणूस मला! पोरीने दहा दिले, आजोबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं, तासाभरात साखर एकदम उतरली, घामाघूम, डोळे फिरवले. सहा दिवस आयसीयूत होते. आता उठून बसतात, पण मुलीला बहीण समजतात, स्वतःच्या मुलीला. मी रोज जाते, लांबूनच बघून येते.

आणि त्या कार्टीने जबाबात काय लिहिलंय माहितीये? ‘मी स्वतः वाचून डोस दिला.’ माझं नावसुद्धा नाही घेतलं. मी तिला म्हणाले नव्हते हो घेऊ नकोस म्हणून! फक्त... घे असंही नाही म्हणाले. कच खाल्ली मी. सव्वा वर्ष राहिलंय निवृत्तीला. मनात म्हटलं, कागद कुणाला वाचता यायचा नाही, पोरगी सुटेल, कोंबड्याची जिरेल, आणि माझं... माझं कुणी विचारणारच नाही. झाकली मूठ. मोठी निघाले होते मी सूड घ्यायला!

उठू नका. थांबा. आता तुम्हाला चार कळले. वर जाऊन सांगितलंत की उद्या ते खणखणीत वाचतील, ‘चार!’, आणि पोरीचा निकाल लागेल, आणि तोही माझ्या तोंडून. नाही, तुम्हाला खोटं बोला असं नाही सांगत. सांगा की — सांगा, सिस्टर तयार आहे, उद्या अकराला ती स्वतः येतेय कागद वाचून दाखवायला. खूश होतील. म्हणतील, बघितलंस, आली की नाही वठणीवर. होऊ द्या खूश, आज पोटभर जेवू द्या त्यांना. मी येणार आणि चार वाचणार, मग दहा कुणी सांगितले ते सांगणार, मग फोन का केला नाही ते सांगणार — फाइल, फरशी, सगळं. आणि बावीस वर्षांत मी काय काय खोडलं आणि त्यांनी न बघता कशाकशावर सह्या केल्या, तेही. तारखा आहेत माझ्याकडे. बुडाले तर एकटी नाही बुडायची मी.

बारकीला यातलं अक्षर बोलू नका. ती मला अडवायला धावत येईल, आणि ती आली तर माझं धाडस होणार नाही.

जा आता. माझी औषधं वाटायची राहिलीत.