ब्रेकवरचा पाय

माझं माहेर पौडचं. वडील पोस्टात होते, घरात बोलणं कमी आणि वाचणं जास्त, मीही तशीच निघाले. ग्रंथपालाचा अभ्यासक्रम पुण्याला जाऊन-येऊन पुरा केला आणि पौडच्याच वाचनालयात लागले, ती अजून तिथेच आहे. लग्न मात्र माले गावच्या मेकॅनिकशी झालं. काय सांगू तुम्हाला, वाचनालयाचं लोखंडी कपाट अडकलं होतं, तीन दिवस पुस्तकं आत, तेव्हा कोणीतरी ह्यांना बोलावून आणलं. ह्यांनी कपाटाला कान लावला, एक तार आत घातली आणि उघडलं. आतली पुस्तकं बघून म्हणाले, बाई, कुटलं पुस्तक कुटं ठेवायचं ह्ये ध्यानात कसं राहतं तुमच्या. मी म्हटलं, ध्यानात कशाला ठेवायचं, प्रत्येकाला नंबर असतो. तेव्हापासून मला बाईच म्हणायचे, लग्न झाल्यावरही बाईच. गावात हसायचे लोक, पण ह्यांनी ते सोडलं नाही.

हे सातवी शिकलेले. त्याचं मला कधी काही वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. थोडं वाटायचं.

आता गाडीचं सांगते. आमच्या गावालगत धरणाच्या पाण्याकडेला पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा बंगला होता, त्यांचा पाण्याचा पंप हेच बघायचे. बंगल्यामागे पत्र्याखाली एक जुनी जपानी गाडी उभी होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. चार दारांची, गोल दिव्यांची, आणि आरसे दाराला नाहीत तर पार पुढे, बॉनेटच्या दोन बाजूंना, कान टवकारल्यासारखे. दाराच्या आत एक कागद चिकटवलेला, त्यावर जपानी अक्षरं. मी एवढी वाचणारी, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. हे मात्र गाडीखाली शिरले आणि तासाभराने बाहेर येऊन म्हणाले, लई चांगल्या मानसांनी बनवलीय. गृहस्थ बंगला विकून मुलीकडे निघाले तेव्हा कागदपत्रांसकट गाडी ह्यांना देऊन गेले. ट्रॅक्टरला बांधून आणली आणि घराच्या वरच्या अंगाला शेड आहे तिथे ठेवली. शेडपासून खाली रस्त्यापर्यंत उतार आहे, तो उतार लक्षात ठेवा.

मग सहा वर्षं हे भंगारात हिंडले. त्या गाडीचं सामान इकडे कुठे मिळणार. मूळ इंजिन मेलेलं, म्हणून एका टेम्पोचं डिझेल इंजिन आणलं. रेडिएटर दुसऱ्याच कशाचा, वायपरची मोटर जीपची, मागची सीट शाळेच्या व्हॅनची. गिअरची पेटी मात्र मूळची ठेवली, म्हणाले ही दुसऱ्या कशाची बसणार न्हाई. आणि टेम्पोचं इंजिन ह्या पेटीला जोडायला मधे लोखंडाची जाड प्लेट हाताने भोकं पाडून बनवली. चार बिघडल्या, पाचवी बसली. बिघडलेल्या चारही जपून ठेवल्या, का ते विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं.

शेडमध्ये सगळं जमिनीवर मांडलेलं असायचं. पोत्यांवर, डब्यांत, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात बोल्ट जिथले तिथे खोचलेले. जिथे दोन भाग एकमेकांना लागतात तिथे हे खडूने मासा काढायचे. तोंडाकडचा अर्धा एका भागावर, शेपटीकडचा दुसऱ्यावर. भाग बरोबर लागला की मासा पुरा. मी म्हटलं होतं, नंबर घाला की सरळ, हा काय पोरखेळ. हे म्हणाले, नंबर तुमचा, मासा माजा.

एकच काम ह्यांनी सगळ्यात आधी पुरं केलं, ब्रेक. इंजिनाचा पत्ता नव्हता तेव्हा ब्रेक तयार. मी विचारलं, पळणार कशी ते बघायचं सोडून थांबवायचं काय बघता. म्हणाले, थांबती का ते आदी बघू द्या. नळ्यांतली सगळी हवा निघाली की ब्रेक पायाला कडक लागतो, तोच चांगला, आणि ती हवा काढायला दोन माणसं लागतात, एक खाली नट सैल करणारा आणि एक वर पाय दाबून धरणारा. वर मी. हे खालून सांगायचे, बाई, दाबा. धरा. मी म्हनेपर्यंत पाय काडायचा न्हाई. पाय भरून यायचा माझा, तरी खालून आवाज येईपर्यंत मी धरून ठेवायचे.

श्रावणात ह्यांना ताप आला. चार दिवस. पाचव्या दिवशी हे नव्हते. त्याबद्दल मी एवढंच बोलू शकते.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मूलबाळ आम्हाला नाही. वाचनालयातून महिन्याची रजा दिलेली, घरात बसवेना, पुस्तक उघडलं तर ओळी डोळ्यांखालून नुसत्या जायच्या. म्हणून शेडमध्ये गेले. धूळ बसली होती सगळ्यावर. मला वाटलं, ह्यांची वस्तू अशी मळकी राहू नये. काय सांगू तुम्हाला, एकेक भाग उचलला, डिझेलमध्ये धुतला, ह्यांच्याच जुन्या बनियनने पुसला. रोज सकाळपासून. बोल्ट सगळे एकत्र केले, लांबीप्रमाणे. प्लेटा प्लेटांबरोबर, नळ्या नळ्यांबरोबर. फळ्या लावल्या, चिठ्ठ्या डकवल्या, वही केली, तीत प्रत्येक वस्तूचा नंबर, लांबी, जाडी, गंज किती. भोकं पाडलेले पुठ्ठे कचरा म्हणून जाळले. खूप दिवसांनी मला बरं वाटत होतं, हे खरं सांगते.

मग दत्तू आला. हा ह्यांच्या हाताखाली शिकून आता पौडला स्वतःचं गॅरेज चालवतो. म्हणाला होता, वैनी, दादाची गाडी मी पुरी करतो. शेडच्या दारात उभा राहिला आणि आत येईना. वैनी, कुनी क्येलं ह्ये. मी केलं म्हटलं, आणि काय सांगू, जरा अभिमानानेच म्हटलं. तो तिथेच खाली बसला. म्हणाला, मासं कुटं गेलं?

तेव्हा मला कळलं.

वहीत मी सगळं लिहिलं होतं, कोणती वस्तू कोणाशेजारी पडलेली होती तेवढं लिहिलं नव्हतं. सहा गाड्यांचं सामान ते, कोणत्या पुस्तकात त्याची जुळणी सापडणार? आणि ह्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, एक फोटो नाही. मी भिंग घेऊन बसले, जुनी हस्तलिखितं बघतात तसं प्रत्येक भागावर खडूचा कण शोधत. काही उरलं नव्हतं. एवढं स्वच्छ पुसलं होतं मी.

त्यातच बबनभाऊजी आले, धाकटे दीर. शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्यांसाठी शेडच्या जागी खोल्या बांधायचं त्यांचं आधीपासून चाललं होतं, ह्यांनीही हो म्हटलेलं, गाडी झाल्यावर. माणूस वाईट नाही. म्हणाले, वैनी, भात कापून हुईस्तवर थांबतो. गाडी तिच्या तिच्यानं भायेर आली तर ऱ्हाऊ द्या, कुटंबी लावा. न्हाईतर भंगारवाल्याला सांगितलंय. मला बी रोज ती बघवत न्हाई.

दत्तू रोज संध्याकाळी यायचा. पाच प्लेटांतली खरी कोणती हे लावून बघण्यातच दहा दिवस गेले. सापडली तेव्हा आम्ही दोघांनी चहा केला, हसलो पण. मग गिअरच्या पेटीला ती घट्ट करताना बोल्ट मीच काढून दिले, माझ्या फळीवरून, एकाच लांबीचे म्हणून लावलेले. त्यातला एक दोन आटे लांब होता. तळाला टेकला तरी दत्तू आवळत राहिला, त्याला वाटलं अजून बसतोय. टक् असा आवाज झाला, बारीक, सुपारी फुटल्यासारखा. पेटी अॅल्युमिनियमची, बोल्ट बसतो तो तिचा कानच फुटून गेला. दत्तूने पाना खाली ठेवला, हात धुतले, म्हणाला, वैनी, आता ऱ्हाऊ द्या. पुण्याला वेल्डिंगला नेली तर तिथले म्हणाले, जोडून देऊ, पण टिकणार नाही, अशीच दुसरी पेटी बघा. अशीच दुसरी कुठून आणायची?

भात कापून झाला. भंगारवाल्याचा ट्रक खाली रस्त्यावर उभा राहिला. इंजिन आणि फुटकी पेटी शेडमध्येच होती, गाडी आतून रिकामी, नुसती चार चाकांवर. उतारावरून खाली न्यायची तर कोणीतरी आत बसून स्टीअरिंग धरायला हवं. मी म्हटलं, मी बसते. भाऊजी म्हणाले, तुमाला येतंय व्हय? मी म्हटलं, सरळ धरायचं ना.

बसले. माणसांनी मागून लोटली. शेडच्या बाहेर ऊन एकदम काचेवर आलं, ते पुढचे दोन आरसे, त्यांत माझं घर लहान होत जाताना दिसलं. गाडी आपोआप चालायला लागली, माणसांचे हात सुटले. मी ठरवलं काही नव्हतं, शपथेवर सांगते. अर्ध्या उतारावर माझ्या पायाने ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. चारही चाकं. एक इंच सरकली नाही. काय सांगू, काय काम केलं होतं ह्यांनी.

मागून लोटून बघितलं, हलेना. ट्रकवाला खालून हाका मारायला लागला. हँडब्रेकची तार ह्यांनी अजून बसवली नव्हती, म्हणजे पाय काढला की गाडी गेली, सरळ ट्रककडे. भाऊजी खिडकीशी आले. वैनी, पाय काडा. मी मानेनेच नाही म्हटलं. वैनी, मानसं खोळंबलीत. मी म्हटलं, भाऊजी, सोडा म्हणून मला अजून सांगितलेलं नाही. ते काय समजले देव जाणे. मांडी थरथरायला लागली होती माझी, साडीवरून दिसत होतं. कुठवर धरणार होते मी, पाच मिनिटं, दहा. मग जाणारच होती. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ते नुसते माझ्या पायाकडे बघत उभे राहिले.

मग बांधाकडे गेले. दोन दगड उचलून आणले, मोठे, धाप लागली त्यांना. एक ह्या चाकापुढे लावला, एक त्या चाकापुढे, लाथ मारून बघितले. खिडकीशी येऊन तोंड दुसरीकडे करून म्हणाले, आता काडा.

गाडी अजून तिथेच आहे. खोल्यांचं काम चालू झालंय, वाळूचा ट्रॅक्टर तिला वळसा घालून वर जातो, भाऊजी रोज कुरकुरतात. ती चालेल असं मी आता म्हणत नाही. दत्तू भंगारात पेटी शोधतोय, मी फळ्यांवरचं सगळं घराच्या पडवीत आणून पुन्हा जमिनीवर मांडतेय, एकाला एक लावून बघतेय, लागलं की मीच खडूने मासा काढते. आतापर्यंत अकरा झाले. माझे मासे काही ह्यांच्यासारखे येत नाहीत.

दत्तूने सांगितलंय, ब्रेक नुसता पडून राहिला तर आत गंजून अडकतो, रोज एकदा दाबत जा. सकाळी पौडच्या एसटीला निघताना मी आत बसते आणि दाबते. अजून कडक आहे.