हीटर प्लगचं टेंगूळ

बोईसरच्या दवाखान्यात ज्ञानेश्वरी केसपेपर लिहीत होती. समोरच्या बाकावर पाम गावचे कृष्णकांत आणि त्यांची बायको मंदा नंबरची वाट बघत बसले होते. कृष्णकांतच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. ज्ञानेश्वरीचे कान तिकडेच होते.

“तुमाला सांगितलं होतं ना, टेम्पोच्या इंजिनावर गोणपाट टाका!”

“टाकलं होतं की.”

“मग मी सेल्फ मारला तवा ते उचलून कोण बघत होतं?”

“मंदे, भोकात अडकलेला हीटर प्लगचा तुटका तुकडा इंजिनातून सुटतो कसा, ते बघायला नको?”

“सुटला ना? शेडच्या पत्र्याला आपटून कपाळावर आला!”

“मिस्त्री म्हणाला होता, इंजिनाचं हेड खोलल्याशिवाय तुकडा निघायचा नाय, आठ दिवस टेम्पो हलायचा नाय. आन् उद्या आपल्या पोरीचं, जागृतीचं वऱ्हाड वैतरणाला न्यायचंय!”

“मीच म्हटलं, कुकरची शिटी दाबानं उडते तसा हा पण उडेल. तीन दिवस भोकात तेल सोडलं मी. तवा हसत होता.”

“आता पण हसतोच हाय.”

“हसू नका, टेंगूळ ताणतंय. उद्या फोटोत असेच उभे राहणार?”

“राहीन की. कोणी विचारलं तर तुजं नाव सांगेन.”

“चला, कायतरीच!”

नंबर आला. ज्ञानेश्वरीनं हसू दाबत पेन उचललं.

“काका, काय त्रास होतोय?”

कृष्णकांतनं मूठ उघडली आणि बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा केसपेपरवर ठेवला.

“हा होता, ताई. निघाला!”