लाल दोरा

विश्वास कुणावर ठेवायचा म्हणता — माझ्यावर, या दोऱ्यावर, की स्वतःच्या अंगठ्यावर? अंगठ्यावर ठेवा. वखार विकत घेताय ना माझी, मग आधी एवढं शिका, बाकीचं मागाहून. हे दोन बांबू धरा. एक माणगा, एक मानवेल — सख्खे चुलत भाऊच म्हणा. दोन्ही भरीव, सुकून पिवळे पडले की भलेभले फसतात. अहो, डोळे मिटा, डोळ्यांचं काम नाही हे! गाठीवरून अंगठा फिरवा. सरळ गेला — माणगा. अडखळला — मानवेल. आता मानवेल वाईट असं नाही हं, या छपराला तीस वर्षं त्यानंच तोलून धरलंय. खोड एकच. तो फुलतो आयुष्यात एकदा, अख्खं बेट एकदम फुलतं, आणि मरतं. त्या बेटाचा बांबू दिसतो खणखणीत, मोडतो खडूसारखा.

मला अंगठ्याचं कधी जमलं नाही. मी दोरेवाला — माणग्याला लाल, मानवेलाला पांढरा. धाकटा भाऊ माझा इथंच शिड्या बांधायचा, तो चिडवायचा, “दादा, वहिनीलाही एक दोरा बांध, नाहीतर एखाद दिवशी दुसऱ्याच घरात जाऊन चहा मागशील!” हसायचो आम्ही.

त्या दिवशी पांढरा दोरा संपला, म्हणून मानवेलाला लाल बांधला. तात्पुरता. सगळ्यांना हेच सांगितलं मी, धाकट्याच्या बायकोलासुद्धा — काय बघताय? ते खिळ्याला लटकलंय ते? पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. हो, तेव्हाचंच. — भरलेलंच आहे, दिसतंय मला.

नव्हता संपला. फुललेलं बेट स्वस्तात मिळालं होतं. म्हटलं, माणगा म्हणून खपवू, धाकटा परगावाहून यायच्या आत माल जाईल. गिऱ्हाईक लांबलं, आणि हा आला एक दिवस आधी. मी बाहेर होतो. त्यानं त्यातलेच दोन बांबू उचलले. मजूर सांगतो, गाठीवर अंगठा थांबला त्याचा. म्हणाला, “मानवेल लागतोय हाताला.” मग दोरा बघितला. “दादानं बांधलाय म्हणजे माणगाच. माझाच अंगठा चुकतोय.” बांधलेल्या शिडीवर आधी स्वतः चढायचं, हा त्याचा नेम. अगदी वर पोचला होता.

नको, पाणी नको.

ही मालाची वही. त्या तारखेला ‘माणगा’ लिहिलंय, अक्षर माझं. खोडू नका ते, राहू दे. पण पुढचं — कुठल्या बेटाचा माल, फुललेला की न फुललेला — असेल तेच लिहा. या आता. हिशेब तेवढा खरा ठेवा.