पांढरकाट्याची फुलं आणि माझा नसलेला विश्वास

...आणि वर मलाच विचारतात, "फिंटन, पोटच्या पोरीच्या लग्नाचं जेवण, आणि तू हॉलच्या दाराबाहेर का उभा होतास?" मला! एकट्या मला! अहो, दीडशे माणसं उभी होती पावसात, खुद्द फादर उभे होते, पण बोट कुणाकडे? फिंटन गॅरटीकडे! का, तर मी पेपरवाला. एक्केचाळीस वर्षं या किलबार्नीच्या साप्ताहिकात भुताखेतांवर, उताऱ्यांवर, रडणाऱ्या मूर्तींवर तुटून पडलो ना, त्याची ही फेड. तर आधीच सांगून ठेवतो, माझा यावर विश्वास नाही. काडीचाही नाही!

हे सगळं सुरू झालं त्या सॉर्कामुळे. सॉर्का म्हणजे आमच्या खाटकाची मुलगी. बापाच्या दुकानाला लागूनच तिनं मेणबत्त्यांचं आणि रंगीत खड्यांचं दुकान थाटलंय, आणि तिथे ती लोकांची झाडाची रास काढते. हो, झाडाची! जन्मतारीख सांगा, ती तुमचं झाड सांगणार. "प्राचीन केल्टिक विद्या आहे, काका!" म्हटलं, बाई गं, कसली प्राचीन? माझा आजा याच मातीत ब्याण्णव वर्षं जगला, त्याला आपली रास माहीत नव्हती, बटाटा माहीत होता. ही विद्या पुस्तकातून आलीय, आणि ते पुस्तक तुझ्या बापाच्या सुरीपेक्षा जुनं नाही!

तर ती हसली आणि माझ्या हातात एक लाकडी चकती ठेवली. म्हणाली, "चौदा जून ना तुमचा? ओक! सत्याचा पाठीराखा, दुबळ्यांचा कैवारी, मोडेल पण वाकणार नाही."

आता... माझा विश्वास नाही. पण चकती चांगली जड होती. ऑफिसात कागद उडतात. ठेवली टेबलावर. लोकांना दिसेल अशी ठेवली, कारण टेबलाची तीच बाजू रिकामी होती, दुसरं काही नाही!

पुढे आमची डर्व्हला. एकुलती एक, वीस मेची. तिला सॉर्कानं सांगितलं, "तुझं झाड हॉथॉर्न." म्हणजे आमचा पांढरकाटा हो! मे महिन्यात बांधाबांधावर बर्फ पडल्यासारखा फुलतो तो. "या राशीची माणसं वरून एक, आतून दुसरी. वर काटा, आत फूल. वर शांत, आत विस्तव." झालं! पोरगी घरी आली आणि म्हणाली, "बाबा, लग्नाच्या जेवणाला सबंध हॉल पांढरकाट्याच्या फुलांनी सजवायचा!"

आईच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. माझी आई, अठ्ठ्याऐंशीची. आधीच मे महिन्यातलं लग्न अशुभ म्हणून तोंड वाकडं करून बसली होती, त्यात हे. म्हणाली, "छपराखाली पांढरकाटा? अगं, मढ्याचा वास असतो त्या फुलांना! आत आणला की घरातलं एक माणूस बाहेर जातं. आणि या घरात जायला आलेलं माणूस मी एकटीच आहे!"

"आजी, ती माझी रास आहे!"

"रास तुझी गं, मरण माझं!"

मग काय! आजी म्हणते, "चर्चमध्ये येईन, पण फुलं असली तर हॉलचा उंबरा चढणार नाही." नात म्हणते, "फुलं नसली तर जेवणच ठेवत नाही, चर्चमधून थेट डब्लिनला जाते." माझी बायको म्हणाली, "तुमची आई, तुमची मुलगी, तुमचं तुम्ही निस्तरा," आणि केक बघायला निघून गेली. आता मला सांगा, माणसानं काय करावं? आई पुढच्या मेपर्यंत असेल-नसेल. नातीच्या लग्नात तिनं पहिल्या टेबलावर बसायचं, ही तिची एवढीच हौस उरलेली. म्हणून मी आईला हळूच सांगितलं, "काळजी करू नकोस, एक पाकळी आत येऊ देणार नाही." आणि डर्व्हलाला हळूच सांगितलं, "काळजी करू नकोस, फांद्या मी स्वतः तोडून आणतो." दोघी खूश! बोलणी करायला अक्कल लागते, तुम्हाला सांगतो.

मनात बेत असा, की ऐन वेळी शहरातून कापडी फुलं आणायची. पण मग वाटलं, का? एक्केचाळीस वर्षं अंधश्रद्धेवर लिहिणारा मी, एक फांदी तोडायला घाबरतो? घेतली कात्री आणि गेलो हॅन्लीच्या शेतात. शेताच्या मधोमध एकटाच पांढरकाटा उभा आहे. न दिसणाऱ्या त्या मंडळींचं झाड म्हणतात त्याला. कोणती मंडळी? ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. मीही बोलणार नाही. विश्वास नाही म्हणून नव्हे... म्हणजे, नाहीच, म्हणूनच!

उभा राहिलो. कात्री उघडली. कात्री मिटली. पाठीत कळ आली. खरीच आली हो! तेवढ्यात हॅन्ली ट्रॅक्टर घेऊन आला. झाडाला सांभाळून वळसा घालून आला हं, चाळीस वर्षं वळसाच घालतोय गडी. ओरडला, "काय फिंटन, अग्रलेख लिहितोयस का झाडावर?"

"फांदी तोडतोय!"

"तोड की! मी जरा लांब जाऊन उभा राहतो."

कात्री बोथट होती. घरी आलो. कापडी फुलांची ऑर्डर दिली.

पण नशीब बघा! लग्नाच्या सकाळी होणारा जावई रॉनन, डब्लिनचा पोरगा, कॉम्प्युटरवाला, स्वभावानं लोणी, धापा टाकत आला. "बाबा, तुमची पाठ दुखते असं डर्व्हला म्हणाली. म्हणून मीच भल्या पहाटे जाऊन तोडून आणल्या! शेतातलं ते एकटं झाड आहे ना, तेच! सगळा हॉल भरलाय. काटे जरा टोचले, बाकी काही नाही!"

बाकी काही नाही म्हणे! मला घाम फुटला. विश्वास नाही, पण घाम फुटला. ऊन होतं... नाही, पाऊस होता. असो!

चर्चमध्ये लग्न झालं, सुंदर झालं, आई रडली. मग वऱ्हाड हॉलपाशी आलं, आणि थांबलं. दार सताड उघडं, आतून तो वास. डब्लिनचे अकरा पाहुणे गप्पा मारत आत जाऊन बसले. बाकी दीडशे माणसं पावसात! एकानंही कबूल करावं की नाही? हॅन्ली म्हणाला, "जरा सिगारेट ओढतो." पंधरा वर्षांपूर्वी सोडलीय त्यानं! पोस्टमास्तरीण म्हणाली, "आत फोनला रेंज नाही." फादरना म्हटलं, "फादर, तुम्ही तरी?" तर आकाशाकडे बघून म्हणाले, "हवा किती छान आहे, नाही?" त्यांच्या नाकावरून पाणी गळत होतं! आणि सॉर्का? ती राशीवाली सॉर्का? भिंतीला टेकून उभी! म्हटलं, "तुझीच ना ही विद्या? जा आत!" तर म्हणते, "काका, धंदा वेगळा आणि घर वेगळं."

इतक्यात डर्व्हला आली. रिकामा हॉल पाहिला, खुर्ची टाकून फाटकाशी बसलेली आजी पाहिली, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. लहानपणापासून अशीच थरथरते. माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तू पहिला चल. तू आत गेलास की सगळे येतील. तू ओक ना? मोडेल पण वाकणार नाही?"

आणि तुम्हाला सांगतो, मला जायचं होतं! डोकं म्हणत होतं, चल. मंत्र्यांना जाब विचारलेत मी, बिशपांच्या दारात ठिय्या दिलाय! पण पाय... पाय किलबार्नीचे निघाले हो. उंबऱ्याशी रुतले ते रुतलेच.

तेवढ्यात फाटकाकडून आईचा आवाज, "कसला ओक नि फोक! मला म्हणाला होता, एक पाकळी आत येऊ देणार नाही! आणि तो पाच जूनचा आहे!"

म्हटलं, "आई?"

"पाच जूनला झालास. नोंद बेचाळीस दिवसांच्या आत करायची असते, आणि तुझा बाप गवत कापणीत गुंतलेला. जुलै संपत आला तेव्हा गेला ऑफिसात. कारकून म्हणाला, 'पोर कधीचं?' हा म्हणाला, 'चौदा जून!' दंड वाचला, तुझे नऊ दिवस गेले."

चौसष्ट वर्षं! गावातल्या प्रत्येकाचे कागद तपासले मी, आणि माझाच...! सॉर्का बोटं मोजत म्हणाली, "पाच जून म्हणजे... काका, तुम्ही पण हॉथॉर्न! वरून एक, आतून दुसरं!"

आणि दीडशे माणसं हसली. हॅन्ली तर ठसका लागेपर्यंत. शेवटी डर्व्हलाही हसली, डोळ्यांत पाणी तसंच. म्हणाली, "म्हणजे बाबा, आजीला एक आणि मला दुसरंच सांगितलंस, ते राशीनुसार होतं तर!" मग वळून आत ओरडली, "रॉनन! टेबलं बाहेर आण!"

आणायला तरी आत कोण जाणार? डब्लिनच्या अकरा जणांनी उचलली हो सगळी, चाळीस टेबलं, दीडशे खुर्च्या, मटण, बटाटे, केक. भारी सुटांत, टायांत, घामाघूम! त्यांना वाटलं, लग्नाची इकडची रीत असेल. आई पहिल्या टेबलावर बसली, डोक्यावर माझी छत्री, आणि दोनदा मटण मागून घेतलं तिनं. पाऊस रस्सा पातळ करत होता, पण एवढं चवीचं जेवण मी जन्मात जेवलो नाही.

तीन आठवडे झाले. फुलं अजून हॉलमध्येच आहेत, वाळून कोळसा झालीत, कारण काढायला जाणार कोण? हॉलच्या समितीची बैठक पुढे ढकलली. मी यावर सणसणीत अग्रलेख लिहिलाय, अंधश्रद्धेची सालटी काढलीयत, आणि त्याची प्रत हॉलच्या आतल्या फळ्यावर लावायला स्वतः गेलो. खिडकीतून आत टाकली.

काल सॉर्का आली. ओकची चकती परत घेतली आणि हॉथॉर्नची दिली. "आता खरी रास, काका!" फुलं कोरलीत तिच्यावर, काम सुबक आहे. घेतली मी. उगाच पोरीचं मन कशाला मोडा?

घराच्या फाटकाच्या खांबावर ठोकलीय. बाहेरच्या बाजूनं. माझा विश्वास नाही हो, काडीचाही नाही... पण आई आहे घरात.